बांगड्या काढून ठेवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही पेढ्यांचा अर्धा बॉक्स परत दिलात, त्यावरून तुम्हाला ते आवडणार नाही हे कळलं. पण काल ठमी ओट्यावर चढून बांगड्यांच्या पिशवीत तोंड घालताना सापडली (खायच्या बांगड्यांच्या!), आणि तिला ओरडायचं सोडून मी रडत बसले. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सोळा वर्षांची मांजर. बसल्या बसल्या अंग झटकायची, मग एके दिवशी आडवी पडली, पाय ताठ, तोंडाला फेस. थोड्या वेळाने उठून भिंतीला धडकत फिरली. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही गेलो तिथे एकांनी तिच्याकडे न बघताच वय विचारलं आणि म्हणाले, "मग आता काय अपेक्षा आहे तुमची?" दुसऱ्यांनी फिटची गोळी दिली. ठमी दिवसभर झिंगल्यासारखी पडून, झटके चालूच. मी सांगितलं, भांडी लावताना जास्त होतं हो. त्यावर ते हसले. "तिला तर कमी ऐकू येतं म्हणता, मग आवाजाचा काय संबंध?" फी मात्र न हसता घेतली.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "कुठली भांडी? पातेली की चमचे?"

चमचे, मी म्हटलं. आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल. आणि ह्यांच्या किल्ल्यांचा जुडगा.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्यात, रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवल्यात आणि मगच ठमीला हात लावलात. मदतनीस मुलाला स्टीलचा ट्रे बाहेर न्यायला सांगितलंत, तेही अगदी हळू आवाजात. आजाराचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं, पण माझ्या छातीवरचं ओझं तिथेच उतरलं. माझं म्हणणं कुणीतरी खरं धरलं होतं.

किडनी, थायरॉइड, साखर, रक्तदाब, सगळं पाहून झाल्यावर तुम्ही समजावलंत की उतारवयातल्या काही मांजरांना ठरावीक बारीक, टोकदार आवाजांनी फिट येते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा ९६ मांजरांची माहिती छापली. दहा ते एकोणीस वर्षांची मांजरं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना कमी ऐकू येणारं! म्हणजे त्या हसण्याला उत्तर तिथे छापून ठेवलेलं होतं. बर्मन जातीत हे जास्त, असंही म्हणालात. आमची ठमी कचराकुंडीमागे सापडलेली, पण आजार तेवढा खानदानी निघाला.

मुद्दाम आवाज करून फिट आणून बघायची नाही, घरी आलीच तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, असं तुम्ही बजावलंत. मग लेव्हेटिरासिटाम, दर आठ तासांनी. माणसांना देतात तेच औषध, तिच्या वजनाच्या मापात. पहाटेचा डोस ह्यांच्याकडे आहे, कुरकुरत का होईना देतात. झटके पूर्ण थांबलेले नाहीत, तुम्ही तसं वचनही दिलं नव्हतं. पण मोठी फिट त्यानंतर आलेली नाही आणि ती पुन्हा आमच्यावर गुरगुरायला लागली आहे.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. पण म्हातारं माणूस सीटवर टेकेपर्यंत डबल बेल न देणारा एखादा कंडक्टर असतो ना, त्या जातीची माणसं मी मोजकीच पाहिली. त्यांना कुणी तसं शिकवलेलं नसतं, आणि न केलं तर कुणी जाबही विचारत नाही.

आमच्याकडे आता लाकडी चमचे आलेत, फॉइल हद्दपार आहे, आणि वेफर्सचं पाकीट फोडायचं असेल तर नातवाला गॅलरीत जावं लागतं, दार लावून. त्याची तुमच्यावर थोडी नाराजी आहे.

रक्तदाब पुन्हा बघायला पुढच्या महिन्यात घेऊन येते. किल्ल्या खाली वॉचमनकडे ठेवून येऊ. आणि या वेळी पेढे परत द्यायचे नाहीत.

तुमची,
ठमीच्या घरची