ताई, तुम्ही आधी हिशोब मांडलात

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, पण तुमचं नाव त्यात घालत नाही. नावावरून तुम्ही ऊसतोड बायकांवर वर्तमानपत्रात लिहिलेला लेख सापडेल, लेखावरून गाव आणि गावावरून माझी माय. तिची ओळख उघड होणार नाही असा शब्द तुम्ही तिला दिला होता आणि तो पाळलात. मलाही तो पाळायचा आहे. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की आमचं गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आहे, माय आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बावीस हंगाम ऊस तोडला आणि मी आता त्याच गावात आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते.

२०१९ चा उन्हाळा होता. कारखान्यांचे पट्टे पडले होते, म्हणजे हंगाम संपला होता, टोळ्या गावी परतल्या होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून घेतात ही बातमी तेव्हा देशभर गाजत होती. आमच्याही गावात कॅमेरे येऊन गेले. एकानं मायला दारात उभं केलं आणि ऑपरेशनचं वाईट वाटतं का, असं विचारलं. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. कुठल्याशा मथळ्यात गावांना असं काही नाव ठेवलं होतं की आमच्या पाहुण्यांनी फोन करून दादांना विचारलं, आता पोरींची सोयरीक कशी जमायची? बातमी आमच्या बाजूनं लिहिलेली होती, तरी मान आमचीच खाली गेली.

तुम्ही त्यानंतर आलात. एसटीनं, आणि फाट्यापासून चालत. पहिल्या दिवशी तुम्ही वही काढलीच नाही. मायबरोबर शेंगा फोडत बसलात, कोरा चहा प्यालात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचं नावही न काढता तुम्ही मायला म्हणालात, "फडावरचा एक दिवस सांगा. उठल्यापासून निजेपर्यंत." माय दोन तास बोलली. मी तिची लेक, पण त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग लेख आला. तो मी किती वेळा वाचला याची गणती नाही. पेटीत कात्रण आहे, घड्यांवर फाटलंय, मागून चिकटपट्टी लावलीय. आज आभार मानायचे ते त्या लेखाच्या लिहिण्याचे. नुसतं "आमचा आवाज झालात" म्हणून मला भागवायचं नाही. तुम्ही नेमकं काय केलंत ते मला सांगायचंय, कारण ते मी शिकले आहे.

तुमचा लेख हिशोबानं सुरू झाला. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. तेव्हा टनाचा भाव सव्वादोनशे-अडीचशेच्या घरात. म्हणजे दोघांची मिळून दिवसाची कमाई जास्तीत जास्त पाचशे. आणि एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, तोही ५०० रुपयांचा. काम केलं तर जेवढं मिळतं, जवळपास तेवढंच न केलं तर अंगावर चढतं. मग तुम्ही उचल सांगितली: हंगामाआधी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेले पैसे, जे फेडल्याशिवाय फड सोडता येत नाही. मग कोयता सांगितला. शहरातल्या वाचकाला कोयता म्हणजे हत्यार. तुम्ही लिहिलंत की आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई गेली तर उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला सहसा कुणी उचल देत नाही. मग पाळीचे चार दिवस सांगितले. फडात पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कापड वाळवायला जागा नाही. पाच महिन्यांचा हंगाम, महिन्याचे चार दिवस, वीस खाडे, १०,००० रुपये.

"पिशवी" हा शब्द तुमच्या लेखात नवव्या परिच्छेदात येतो. मी मोजलंय. तोवर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात सगळी बेरीज-वजाबाकी करून टाकलेली असते. डॉक्टरनं दाखवलेली कॅन्सरची भीती त्यानंतर येते, आणि तेव्हा ती भीती कुठं जाऊन बसली असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. बायका अडाणी आहेत, डॉक्टरच्या नादी लागतात, असं म्हणायला तोंड उघडलेला माणूस तिथं गप्प होतो. मी असा माणूस पाहिलाय. आमच्याच तालुक्यातले एक शिकलेले गृहस्थ, बायकांना नावं ठेवण्यात पुढं. मी त्यांना कात्रण वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "वीस खाडे, होय?" एवढंच.

तुमच्या लेखात एकही बाई "बिचारी" नाही. "दुर्दैवी" नाही, "हृदयद्रावक" नाही. आम्हाला हे शब्द फार मिळालेले आहेत ताई, त्यांनी कधी कुणाचा खाडा माफ झाला नाही.

आणि मुकादम. बाकीच्यांनी त्याला राक्षस केला. तुम्ही त्याच्याशी बोललात. त्यानं स्वतः कारखान्याकडून उचल घेतलेली असते, टोळी पळाली तर ते पैसे त्याच्या बोकांडी बसतात, हेही तुम्ही लिहिलंत. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्याची बाजू कशाला घ्यायची? पण मग आमच्या गावच्या मुकादमानं, नात्यानं तो माझा चुलता लागतो, तो लेख सगळा वाचला. स्वतःचं म्हणणं बरोबर छापलंय म्हटल्यावर त्याला पुढचंही खोटं म्हणता येईना. त्या वर्षापासून त्यानं आमच्या टोळीत पाळीच्या दोन दिवसांचा खाडा धरणं सोडलं. दुसऱ्या टोळ्यांत धरतात. दोनाचे चार व्हावेत म्हणून मी अजून भांडते. पण राक्षस म्हटलं असतं तर तो एक दिवससुद्धा सोडता ना, हे मला आता कळतं.

छापायच्या आधी तुम्ही फोन केला होता. अख्खा लेख मायला वाचून दाखवलात. ती ऐकत होती, मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होती. खाड्यांच्या बेरजेपाशी तिनं तुम्हाला थांबवलं. "धा हजार? एवढं व्हतंय?" बावीस हंगाम तिनं खाडे भरले, पण कुणी तिच्यासमोर बेरीज मांडली नव्हती. मग शेवटाकडं एक वाक्य आलं, घरातल्या एका माणसाबद्दलचं. माय म्हणाली, "ताई, तेवढं काढा. ते खरं हाय, पण ते म्हातारं अजून जित्तं हाय." तुम्ही काढलंत. ते लेखातलं सगळ्यात जोरकस वाक्य होतं, आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. मला ते पाठ आहे. मीही लिहिणार नाही.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. लेख आला त्याच आठवड्यात माझ्या वहिनीला पिशवी काढायला न्यायचं ठरलं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, काढून टाका, नाहीतर पुढं अवघड होईल. पैसे मुकादमाकडून यायचे होते, म्हणजे पुढच्या हंगामाच्या उचलीत चढायचे होते. मी रात्री घरात लेख मोठ्यानं वाचला. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर पहिली बोलली ती माय. गावातल्या चौघी-पाचजणींना ऑपरेशनला हाताला धरून नेणारी हीच. म्हणाली, "हिला कामून न्यायची? आधी सरकारीत दाखवा." अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. जंतुसंसर्ग निघाला. गोळ्या दोघांनाही घ्याव्या लागल्या, नवऱ्यालाही, आणि तो आधी कुरकुरला. पण ती बरी झाली. ऑपरेशन झालं नाही. ऊस तोडायला ती आजही जाते, ते थांबलेलं नाही. पण माय पस्तिशीतच म्हातारी झाली, कंबर गेली, रात्री अंगातून वाफा निघतात म्हणून ओट्यावर येऊन बसते. तसं वहिनीचं झालेलं नाही.

त्याच वर्षी सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहांमागे एक. मी हा आकडा अनेक बैठकांत सांगितलाय. लोक "अरे बापरे" म्हणतात आणि चहा येतो. म्हणून मी आता आधी वीस खाडे सांगते, मग १३,८६१ सांगते. मग चहा जरा उशिरा येतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तीही वर्तमानपत्रातल्या एका लेखावरून. ती बातमी वाचली तेव्हा मला तुमची शेंगा फोडणारी बोटं आठवली.

मी गावातल्या बायकांचे अर्ज लिहिते. पूर्वी माझे अर्ज असे असायचे: महोदय, आम्ही अत्यंत गरीब असून आमची लेकरं शिक्षणापासून वंचित राहत आहेत, तरी कृपाळू होऊन... आईबाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहासाठी असे दोन पानी अर्ज दोन वर्षं दिले. त्यांचं काय झालं, देव जाणे. तिसऱ्या वर्षी कात्रण समोर ठेवून अर्धं पान लिहिलं. टोळ्या दसऱ्यानंतर आठ दिवसांत निघतात. वसतिगृह मागच्या वर्षी डिसेंबरात सुरू झालं. तोवर चौथीच्या वर्गात पाच लेकरं उरली होती, बाकीची फडावर गेली होती. खाली त्या लेकरांची वयं, आणि कोण कोणाबरोबर गेलं ते. विनंतीची एकच ओळ, तीही शेवटी. वाचून साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "डिसेंबरात सुरू झालं होतं?" त्या वर्षी वसतिगृह दिवाळीच्या आधी उघडलं. नुसत्या अर्जानं झालं असं मी म्हणणार नाही, शाळेच्या गुरुजींनीही पाठपुरावा केला. पण साहेबांनी तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण ते "तोवर" मी तुमच्याकडून उचललं होतं.

ताई, तुम्ही पैशाची मदत केली नाहीत, ओळखीही लावून दिल्या नाहीत. तुम्ही नीट ऐकलंत आणि नीट लिहिलंत. त्यानं माझ्या वहिनीचं शरीर वाचलं आणि माझ्या हातात लिहिणं आलं. त्यासाठी माझे, मायचे आणि वहिनीचे मनापासून आभार. दादांनीही सांगायला सांगितलंय, ते असं कधी सांगत नाहीत.

माय विचारते, ताई कधी येणार? तव्हा कोरा चा पाजला, आता दारात शेळी हाय म्हणावं. वहिनीलाही तुमच्याशी बोलायचंय, या वेळी ती स्वतः सांगणार आहे. पण दसऱ्याच्या आत या. नंतर आलात तर गावात फक्त म्हातारी माणसं भेटतील, आणि वसतिगृहातली लेकरं.

तुमची,
डोंगरपट्ट्यातली एक आशा