अंगणवाडीच्या मोबाइलला डोळाही तपासू द्या

मा. संपादक,

मुलांच्या कर्करोगाशी लढायला एआय वापरा, असा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ३० सप्टेंबर २०२५ रोजी काढला. बालकर्करोगाची माहिती गोळा करण्याचं तिथलं काम २०१९ पासूनचं. त्याचा वार्षिक निधी पाच कोटी डॉलरवरून दहा कोटी झाला. आपल्या केंद्रानेही मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला दहा हजार कोटींहून जास्त मंजूर केले. त्यातून असं काही धोरण इकडे आलंच, तर पहिला रुपया कुठे घालावा याबद्दल धारूरच्या एका फोटोवाल्याचं म्हणणं छापावं.

बारसं, जावळ, पहिला वाढदिवस यांवर माझं पोट. फ्लॅश मारला की बाहुली लाल येते, कारण उजेड डोळ्यातल्या रक्ताने भरलेल्या पडद्यावरून परत येतो. तिथे गाठ असेल तर तीच बाहुली पांढरी चमकते, मांजरीची चमकावी तशी. हा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग; बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना होतो.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला तो झाला. त्यांनी सहकाऱ्यांसोबत फोटोतली पांढरी बाहुली शोधणारं ॲप बनवलं. २०१९ च्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या २० पैकी १६ मुलांच्या घरगुती फोटोंत त्याने ही खूण निदानाच्या सरासरी १.३ वर्षे आधी पकडली. वीस लेकरं म्हणजे फार नव्हेत. शिवाय कॅमेरा तिरका धरला तर चांगला डोळाही कधी पांढरा येतो, हे मी रोज बघतो. म्हणून मशीनने शंका घ्यावी, निदान डॉक्टरांनीच करावं.

आता अंगणवाडीताईच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे आहाराची नोंद ठेवणारं सरकारी ॲप, आहेच. चेहरा जुळला तरच आहाराचं पाकीट मिळतं. पाकीट अडवण्याइतकी अक्कल त्या मोबाइलला आली, तर एक डोळा बघण्याइतकीही येईल.

पण त्यापुढे काय? ओळखीतल्या एका घरी मी जावळाच्या फोटोतला पोराचा डोळा दाखवला. नवरा-बायकोने ऊसतोडीसाठी कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, मुकादमाची गाडी निघायच्या बेतात. बाप म्हणाला, "पट्टा पडल्यावर दाखवू," म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर. दाखवला तेव्हा डोळा काढावा लागला, पोरगं वाचलं. बापाचा राग येतो, पण उचल फेडायची त्यालाच होती. अशा घराला मोबाइलवर नुसता लाल ठिपका दाखवून भागणार नाही. शंका आली की मुकादमाचा तगादा थांबावा, जाण्यायेण्याचं भाडं हातात पडावं आणि फड ज्या गावात असेल तिथल्या आशाताईला निरोप जावा. हे लिहिलेलं नसेल तर त्या धोरणातलं एआय मुंबई-पुण्याच्या लेकरांपुरतंच.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. पुढे बीड आणि धाराशिवही नोंदणीत आले. गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या त्या माणसांना या धोरणाच्या समितीत घ्या. फोटो मोबाइलमध्येच तपासून पुसला जावा, लेकरांचे चेहरे कुठल्या कंपनीकडे जाऊ नयेत. आणि फ्लॅश मारताना मोबाइल कसा धरायचा हे ताईंना दाखवायला मी फुकट येईन. फक्त प्रशिक्षण लग्नसराईत ठेवू नका.

— एक छायाचित्रकार, धारूर, जि. बीड