भिंतीवरची पुराची रेघ पुसू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

शनिवार पेठेत मुठेच्या काठाला लागून आमची गल्ली आहे. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं राडारोडा, फुटक्या तसबिरी आणि निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या साठलेल्या असायच्या. नदीकडे तोंड करून उभं राहायचं कारणच कोणाला उरलं नव्हतं. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या मुलांनी आणि चित्रकलेच्या एका शिक्षिकेने तिथली संरक्षक भिंत रंगवायची ठरवली. त्या भिंतीबद्दल हे पत्र.

आधी नुसतीच नदीची चित्रं काढायची होती. पण शेजारच्या वाड्यातल्या आजी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे, एकसष्ट साली पाणी कुठवर होतं ते तरी काढा." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, तेव्हा आजी सातवीत होत्या. त्यांनी मुलांना वाड्यात नेलं आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर हात ठेवला. पाणी ओसरल्यावर गाळाची खूण इथे होती, म्हणाल्या. आता ती उंची घाटाच्या भिंतीवर आणायची कशी? गल्लीतल्या गवंडीकाकांनी लेव्हलची नळी काढली; पाणी भरलेल्या या नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक आजींच्या पायरीशी, दुसरं बोळाच्या तोंडाशी; तिथे खूण करायची आणि नळी पुढे सरकवायची. असं करत करत खूण भिंतीपर्यंत पोचली खरी, पण ती भिंतीच्याही वर निघाली! शेवटी शेजारच्या तिमजली इमारतीच्या बाजूला परांची बांधून रेघ ओढावी लागली. रस्त्यावर उभं राहून मान वर करून ती बघताना पोटात गोळा येतो. रेघेवर मुलांनी तरंगणारा पाळणा, लाकडी पेटी आणि पाट काढलेत. रेघेखाली वाम, मरळ, खवल्या हे मासे आणि त्यांच्या गळ्याशी आलेली जलपर्णी.

तेव्हापासून लोक तिथे थांबतात. म्हातारी माणसं आपापल्या घरातल्या खुणा सांगतात. पायऱ्यांवरचा कचरा कोणी सांगितल्याशिवाय उचलला गेला, कारण चित्र बघायला उभं राहायचं तर जागा लागते. आणि उभं राहिलं की बाजूच्या नाल्याचं काळं पाणी थेट पात्रात पडताना दिसतंच. एरवी पात्रात वाहतं ते बहुतेक आपल्याच घरांतलं सांडपाणी. खडकवासल्याच्या खाली पावसाळा सोडला तर नदीला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच. मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानी कर्जातून ११ केंद्रांचा प्रकल्प जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाला होता, त्याची मूळ मुदत केव्हाच उलटली.

पण मला मुख्यतः रेघेबद्दल बोलायचं आहे. जलसंपदा विभागाच्या नकाशांत नदीच्या दोन पूररेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर घेताना, भाड्याने राहायला जाताना यातली एकही रेषा सामान्य माणसाच्या नजरेला पडत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. पुलाची वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. कुठवर पाणी चढू शकतं हे त्या घरांच्या भिंतींवर आधीच रंगवलेलं असतं, तर निदान गाड्या, माणसं आणि सामान हलवायला कोणी रात्रीच उठलं असतं, असं मला मनापासून वाटतं. ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याच्या योजनेत बाग आणि पायवाट आहे. त्याच काठावर या दोन रेषाही असायला हव्यात, जागोजागी, पुलांच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांवर.

असं असताना मागच्या आठवड्यात एका कार्यालयातून निरोप आला, भिंत विनापरवाना रंगवली आहे, चुना मारून घेतला जाईल. परवानगी घेतली नाही ही आमची चूक, ती मान्य. हवा तो अर्ज आम्ही भरून देऊ. पण एका म्हातारीच्या आठवणीतून आणि गवंड्याच्या नळीतून आलेली ती खूण पुसू नका. इमारतीच्या मालकांची तिला हरकत नाही, उलट त्यांनी परांचीचे बांबू दिले.

आजींची आठवण म्हणजे सरकारी मोजणी नव्हे, हे आम्हालाही कळतं. म्हणूनच आपल्या दैनिकातून संबंधित अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे: आमच्या घाटापाशी निळी आणि लाल रेषा नेमकी किती उंचीवर येते, तो आकडा द्या. दोन्ही रंगांचे डबे अर्धे उरलेत, परांची अजून सोडलेली नाही, आणि १२ जुलैच्या आत मुलं दोन्ही रेघा ओढून देतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, शनिवार पेठ, पुणे