बिग हाउसमधला तो शनिवार

प्रिय बंडूस,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या धाकट्या चिरंजिवास मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. तिथल्या ॲन आर्बर गावचे लोक शनिवारच्या फुटबॉलसाठी एवढे वेडे का होतात, असे तू विचारले आहेस. विजयांच्या कथा तो तिथे गेल्यावर नको तितक्या ऐकेल, म्हणून मी पराभवाची सांगतो. १ सप्टेंबर २००७ रोजी, विद्यार्थी म्हणून, मी त्या प्रेक्षकांत बसलो होतो.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात शिरले की टचडाउनचे सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडून आणखी एक गुण घ्यावा, किंवा पुन्हा चढाई करून दोन मिळवण्याचा धोका पत्करावा. खेळता खेळता दुरून खांबांमधून लाथाडलेल्या फील्ड गोलचे तीन गुण. एवढे तुला पुरे.

मोसमातला तो पहिलाच सामना होता. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर होते आणि 'बिग हाउस' म्हणतात त्या स्टेडियममध्ये एक लाख नऊ हजारांहून अधिक माणसे जमली होती. समोर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या बून गावचे ॲपलेशियन स्टेट विद्यापीठ. त्यांचा संघ तेव्हा खालच्या गटातला. आमच्या गटात ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे, त्यांच्याकडे ६३. असे संघ मोठ्या संघाकडून मानधन घेऊन मार खायला येतात, अशी तिथली रीतच आहे, आणि यांना त्यासाठी चार लाख डॉलर दिले होते. विकतचे दुखणे म्हणतात ते हेच! आपल्या गटाचे विजेतेपद त्यांनी २००५ आणि २००६ अशी दोन्ही वर्षे मिळवले होते, हे मात्र आमच्या रांगेत कोणालाही ठाऊक नव्हते.

त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, अर्मांटी एडवर्ड्स अंगाने किरकोळ, पण चेंडू फेकणार की घेऊन पळणार याचा पत्ता शेवटच्या क्षणापर्यंत लागू देत नसे, आणि मैदानभर पसरून उभ्या राहणाऱ्या त्या वेगवान संघापुढे आमचे धिप्पाड बचावपटू धापा टाकू लागले. मध्यंतराला फलकावर २८–१७ होते, तेही त्यांच्या बाजूने. लोक अजून हसत होते. त्या हसण्याचा मला पुढे फार राग आला.

आमचा माइक हार्ट मांडीच्या दुखापतीने काही काळ बाहेर बसून परतला आणि त्याने एकट्याने सामना ओढत आणला. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना त्याने ५४ यार्ड धावून टचडाउन केला, तेव्हा आम्ही ३२–३१ ने पुढे गेलो. पण दोन टचडाउननंतर दोनदा दोन गुणांचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा फसलो. लाथ मारून एकेक गुण घेतला असता तर चौतीस झाले असते. हा हिशेब मी त्यानंतर कितीदा केला असेल, विचारू नकोस.

पुढे आमचा एक फील्ड गोल त्यांनी अडवला आणि दीड मिनिटाच्या आसपास वेळ शिल्लक असताना ६९ यार्ड पुढे येऊन, २६ सेकंद राहिले असता, स्वतःचा फील्ड गोल साधला. ३४–३२. तरीही आमचा क्वार्टरबॅक चॅड हेनी याच्या लांब फेकीवर मारिओ मॅनिंगहॅमने चेंडू झेलला आणि ३७ यार्डांवरून शेवटची लाथ मारण्याची संधी आम्हाला मिळाली. आमच्या लाथेला पुरेसे संरक्षण मिळत नव्हते हे आधीच्याच प्रयत्नात दिसले होते. या वेळी कोरी लिंच कडेने घुसला, चेंडू त्याच्या अंगावर आपटला आणि तोच उचलून तो पळत सुटला. त्या कोपऱ्यातले मूठभर पाहुणे ओरडत होते, तेवढाच काय तो आवाज. एक लाख माणसे इतकी गप्प बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

लोक याला अपघात म्हणतात. मला ते मान्य नाही. त्याच मोसमात त्या मुलांनी सलग तिसरे विजेतेपद मिळवले, आणि देशभरातल्या पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी लावणाऱ्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला खालच्या गटातील संघांनाही आपल्या क्रमवारीत मते देता यावीत म्हणून नियम बदलावा लागला. आम्ही मात्र त्या पंचवीसच्या यादीतून थेट बाहेर फेकलो गेलो आणि पुढच्याच आठवड्यात ओरेगॉनकडून ३९–७ असे हरलो. २०१४ मध्ये मिशिगनने त्यांना पुन्हा बोलावून ५२–१४ ने हरवले, पण तो आकडा कोणी सांगत बसत नाही.

चिरंजिवास एवढे नक्की सांग, की काळा-पिवळा सदरा घालून तिथे शनिवारी बाहेर पडू नकोस. ते बूनवाल्यांचे रंग आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा