सोल्डरिंग गन माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच काका. पण हे पत्र चार लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून पाकिटात न घालता असं उघड्यावर लिहितेय. परवा रात्री आमच्या मंडळाच्या कबड्डीची फायनल झाली. पहिल्या चढाईपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत फलकावरचा एकही आकडा चुकला नाही. गेल्या वर्षी याच मैदानावर गुणांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती.

तेव्हाही वही माझ्याच हातात होती. चढाई तीस सेकंदांची. शेवटचे दोन गडी बाद झाले की दोन गुण आणि वर लोणाचे दोन, असे एका दमात चार. मी ते वहीत मांडेपर्यंत आणि पलीकडच्या बाजूचा पोरगा खडूने फळ्यावर चढवेपर्यंत पुढची चढाई सुरू झालेली असायची. फळा एक चढाई मागे राहिला, लोकांनी फळ्यावरचाच आकडा खरा धरला, आणि खोटं लिहिलं म्हणून बोल मला लागला. मी गणित शिकवते. तो बोल वर्षभर उरात होता.

म्हणून बिनतारी फलक करायचं ठरवलं. शहरातल्या एका दुकानात भावाला घेऊन गेले. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं भावाकडे बघून देत होता. मैदान केवढं, टेबल कुठे, बटण कोण दाबणार, यातलं काहीही न विचारता त्याने दोन आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड, आणि लांब अँटेनावाले दोन एनआरएफ२४ रेडिओ गळ्यात मारले. घरच्या टेबलावर छान चाललं, मैदानात गप्प. परत गेले तर म्हणाला, ‘तुमच्या जोडणीत चूक असेल.’ दुसऱ्या एका शिकलेल्या माणसाने लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ घ्या, किलोमीटरभर जाईल, म्हणून सांगितलं. तिसऱ्याने मोबाइलवर अ‍ॅप करा म्हटलं. आमच्याकडे सामन्याला गर्दी जमली की साधा फोन लागत नाही, हे त्याला मी तीनदा सांगितलं.

मग शाळेतल्या एका सहकाऱ्याने तुमचं नाव सांगितलं. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून मी तुमच्याकडे आले, पिशवीत ते सगळं सामान घेऊन. भाऊ काहीतरी बोलायला गेला तर तुम्ही विचारलंत, ‘गुण कोण लिहितं?’ मी म्हटलं, मी. ‘मग बाय, तूच सांग.’

तुम्ही सामान उलटंपालटं करून बघितलंत आणि दोन वाक्यांत कारण सांगितलंत. उनोची ३.३ व्होल्टची पिन पन्नास मिलिअँपिअरच करंट देते, आणि लांब अँटेनावाला तो रेडिओ बोलायला लागला की शंभराच्या वर मागतो. जोडणी माझी बरोबर होती, काका. हे एवढं ऐकायलाच मी खाडी ओलांडून आले होते, असं मला त्या क्षणी वाटलं.

ईएसपी३२ हा रेडिओ आतच असलेला बोर्ड तुम्ही सुचवलात, तोही बाहेरची अँटेना लागणारा. त्यातलं ईएसपी-नाऊ वापरायचं, म्हणजे राउटर नको, इंटरनेट नको, एक बोर्ड थेट दुसऱ्याशी बोलतो. एका निरोपात निदान अडीचशे बाइट, म्हणजे साधारण तेवढी अक्षरं, मावतात आणि आपल्याला दहासुद्धा लागत नाहीत. किलोमीटर कशाला, चाळीस मीटर पुरेत, असंही म्हणालात. आणि मला जे कुणीच सांगितलं नव्हतं ते सांगितलंत: ‘एक गुण वाढव’ असा निरोप पाठवू नको, ‘आता अठरा-बावीस’ असा पुरता आकडा पाठव, आणि पाठवतच राहा. एखादा हुकला तरी पुढचा सगळं जाग्यावर आणतो. निरोप पोचल्याची पावती आली की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो, तीही तुमचीच कल्पना. यंदा त्या दिव्याकडे बघत मी शांतपणे बसू शकले.

पण मला आठवतं ते यातलं काहीच नाही. ईएसपी३२ रेडिओ सुरू करताना एकदम करंट ओढतो, म्हणून थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर जोडायचा होता. तुम्हाला ते अर्ध्या मिनिटाचं काम. तुम्ही सोल्डरिंग गन माझ्या हातात दिलीत. ‘मी इथं, तू तिथं. रात्री तार सुटली तर कोण लावणार?’ धातू वितळवून त्याच्या थेंबाने तार जोडायची, याला सोल्डर म्हणतात; मी आयुष्यात ते केलं नव्हतं. पहिला थेंब गोळा होऊन घरंगळला, दुसरा बोर्डाच्या दोन पिनांवर पसरला. तुम्ही मोबाइलचा उजेड धरून माझ्या शेजारी वाकून उभे होतात. तुमचा हात दोनदा पुढे आला, मी बघितलं, आणि दोनदा मागे गेला. गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला नुसतं मानेने थांब म्हणालात. तिसरा थेंब चकचकीत बसला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त उजेड बंद केलात.

पुढे तुम्ही आमच्या मैदानावरही आलात, पोरांना दाटीने मध्ये उभं करून माणसांच्या अंगात सिग्नल कसा मुरतो ते दाखवलंत आणि अँटेना बांबूवर डोक्यांच्या वर बांधायला लावलीत. शेवटची फेरीबोट चुकली म्हणून रात्री आमच्याकडे राहिलात, आणि पैशाचं नाव काढलं की विषय माशांवर नेलात. शिकलेलं दुसऱ्याच्या हातात ठेवणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं गावात काही उभं राहतं. आपल्या कोकणात अशी माणसं अजून आहेत, हे शहरात बसून गावाला नावं ठेवणाऱ्यांना कळावं.

फायनलच्या मध्यंतरात कुणाचा तरी पाय अडकला, फलकाची बॅटरीची तार तुटली आणि आकडे विझले. हातात पाच मिनिटं. बाजूचा पोरगा म्हणाला, बाई, द्या, मी करतो. मी म्हटलं, तू उजेड धर, नुसता उजेड धर. पहिल्याच थेंबाला तार बसली.

चालला तर पैसे दे, म्हणून तुम्ही जादाचा बोर्ड दिला होतात. चालला, काका. रविवारी पैसे घेऊन येतेय, या वेळी नाही म्हणायचं नाही. तो पोरगाही सोबत आहे, त्याला सोल्डर शिकायचंय. काकूंना सांगा, आम्ही दोघं जेवायला आहोत.

तुमची,
गुण लिहिणारी