नोटिशीचे तीस दिवस

मिरज, गुरुवार

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

रविवारी लग्नाचा विषय निघाला आणि तू न जेवता कोयना एक्स्प्रेसनं गेलीस. डबा ओट्यावरच राहिला. त्यातल्या दशम्यांना आईनं संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

"बाबा, तुम्हाला कायदा माहीत नाही," म्हणालीस. खरं होतं. म्हणून बापूंच्या ओळखीच्या वकिलांकडून 1954 चा विशेष विवाह कायदा, धर्म न बदलता लग्न करता येतं तो, समजून घेतला. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, ती कचेरीत लावतात. तू पुण्यात दिलीस तरी तुझं कायमचं घर इथलं, म्हणून एक प्रत सांगलीच्या विवाह अधिकाऱ्याकडे येणार आणि तिथंही लागणार. तुमची दोघांची नावं शेजारी शेजारी. सांगलीच्या कचेऱ्यांत आपलं कोण ना कोण रोज असतंच.

हरकतीची कारणं ठरलेली आहेत. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं असणं अशी. वेगळा धर्म त्यात नाही, बापाची नाराजीही नाही. हे ऐकून आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. पण कायद्यात हरकत बसत नाही म्हणून दारात माणसं यायची थांबत नाहीत गं. तीस दिवस फार असतात.

त्याच्या आईला निकाह हवाय म्हणालीस. त्या माउलीची हौस मला कळते. पण धर्म न बदलता नुसता निकाह केलास तर तो फासिद, म्हणजे अनियमित. अशा लग्नातली मुलं औरस, बापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा, पण बायकोला नवऱ्याचा वारसा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय. तेव्हा आधी नोंदणी. नाव बदलायला कुणी सांगितलं तर बदलू नकोस. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. सगळ्याच्या झेरॉक्स काढ... बघ, पुन्हा तुला शाळेत बसवलं मी. रागावू नकोस.

त्या कायद्याचं कलम 19 आहे. हिंदू मुलानं किंवा मुलीनं असं लग्न केलं की एकत्र कुटुंबापासून ती व्यक्ती विभक्त झाली असं धरतात. हिस्सा बुडत नाही, वकिलांनी दोनदा सांगितलं. पण 'विभक्त' शब्दाशी मी अडकलो. तिथून पुढं ते काय बोलले ते आठवत नाही.

मीरासाहेबांच्या उरुसात चिंचेखाली गाणं ऐकताना तू माझ्या मांडीवर झोपायचीस. पहाटे तुला खांद्यावर टाकून घरी आणायचो, चप्पल एक हरवलेली. गवई अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई मान्यांचा संसार, त्यांच्या लेकीचा, गायिका हिराबाई बडोदेकरांचा, जन्म मिरजेतला, हे मीच तुला कौतुकानं सांगितलं होतं. आणि परवा तेच तोंडावर फेकलं, की ताराबाईही शेवटी मुलांना घेऊन वेगळ्या झाल्याच. ते बोलायला नको होतं. तुझा चेहरा उतरला तो अजून दिसतो. तरी उलट न बोलता, मान वर ठेवून गेलीस. आजीसारखी.

नोटीस द्याल त्या दिवशी फोन कर. त्या तीस दिवसांत एकटी राहू नकोस, मैत्रिणीकडे जा नाहीतर आईला बोलावून घे. सांगलीला प्रत लागली की मी बघून येईन. बस आहेच, रोज गेलो तरी चालेल.

डबा आई पुन्हा भरून पाठवतेय. त्यालाही दे.

तुझा,
बाबा