नाशिकला जाण्याबद्दल

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून बाबा पत्र लिहितात, याला तू हसशील. पण समोरासमोर बसलो की तुझं एक वाक्य होईस्तोवर माझी दहा होतात. कागदावर तू मला हवं तिथे थांबवू शकतेस.

परवा तू नाशिकच्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर होतीस, तेव्हा आत्या तुझ्या आईला म्हणाली, ‘‘दोघींनाही बोलता येत नाही, मग गप्पा कसल्या मारतात? हिला जरा बोलणाऱ्या मैत्रिणी मिळवून द्या.’’ तुला ऐकू जात नसावं असं तिला वाटलं. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं बऱ्याच शहाण्या माणसांना वाटतं. त्यानंतर तू मैत्रिणीला कॉल केलेला नाहीस, आणि तिला भेटायला जायचं ठरत होतं, तर काल टॅबवर टाइप केलंस, ‘नाशिक रद्द’. रद्द करायचं तर खुशाल कर. फक्त आत्याच्या वाक्यापायी नको.

साधारण माणूस मिनिटाला 120 ते 180 शब्द बोलतो. तुझ्यासारखे टाइप करून यंत्रावरून बोलणारे बहुतेक जण 15 च्याही खाली असतात. कॉलेजात याचं काय होतं ते तूच सांगितलंयस: तू वाक्य जुळवेपर्यंत विषय सरांच्या मिशीवरून कँटीनच्या वड्यावर गेलेला असतो, आणि मग भर वड्यात तुझा टॅब मिशीवरचा विनोद सांगतो. त्या मुली वाईट नाहीत. त्यांना थांबायची सवय नाही, एवढंच.

नाशिकची मुलगी थांबते. ती डोळ्यांनी टाइप करते, म्हणजे ती बघेल ते अक्षर यंत्र टिपतं; तू एका बोटाने. मध्ये चांगली दोन-दोन मिनिटं शांतता असते. मला आधी वाटायचं, नेट गेलं. पण तिकडे कुणी ‘‘म्हणजे तुला असं म्हणायचंय का?’’ करत वाक्य पळवत नाही. शेवट ओळखू आला तरी ती ओळखल्याचं दाखवत नाही, तुला तो पुरा करू देते. नंतर हसते. हे मला जमत नाही आणि आत्याला तर सात जन्मांत जमणार नाही.

जॅनिस लाइट या संशोधक बाईंनी 1988 साली मांडलं होतं की माणूस चार कारणांसाठी संवाद साधतो: गरज सांगायला, माहिती द्यायला-घ्यायला, जवळीक करायला आणि रीत पाळायला. तू लहान असताना आपण आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो घेतलं, चित्रांची बटणं दाबली की बोलणारं ॲप, ते मराठीत बोलायचं म्हणून आजी खूश. तेव्हा आमचं सगळं लक्ष पहिल्या कारणाकडे. पाणी हवं, भूक लागली, दुखतंय, बाथरूम. लेकरू अडलं तर कळायला हवं, ही आईबापांची आणि थेरपिस्टची पहिली काळजी, आणि ती रास्तच. पण ‘पाणी हवं’ म्हणून कुणाशी मैत्री होत नाही. मैत्रीला ‘चल हट’ लागतं, ‘कसली फेकतेस’ लागतं, ‘घरी सांगू नकोस हं’ लागतं. अशा बटणांचं पान तुझ्या टॅबवर नाशिकने भरायला लावलं. त्यातली काही बटणं मी पाहिलेली नाहीत असं आपण दोघं धरून चालू.

आणखी एक गोष्ट थेरपिस्टकडच्या तक्त्यात पाहिली होती. सारा ब्लॅकस्टोन आणि मेरी हंट बर्ग या दोन संशोधक बायकांनी माणसाभोवती पाच वर्तुळं काढली आहेत: घरचे, जवळचे मित्र, ओळखीचे, पैसे घेऊन मदत करणारे, आणि अनोळखी. तुझं पहिलं वर्तुळ भरलेलं, चौथंही भरलेलं. फिजिओताई, शिकवणीच्या बाई, रिक्षावाले काका. दुसरं बरीच वर्षं कोरं होतं. फिजिओताईंना तू मैत्रीण म्हणतेस, त्या आहेतच गोड; पण त्यांच्याशी तुझं भांडण कधी झालंय? नाशिकशी तर दर आठवड्याला होतं. त्यातल्या एकात तिने टॅबचा आवाज बंद करून टाकला होता. रुसण्याची ही पद्धत मला फार आवडली.

तुम्हा दोघींच्या टॅबमध्ये एकच मराठी बाई बोलते, त्यामुळे कोण कुणावर चिडलंय हे आजीला कळत नाही. हे तुमच्यापुरतं नाही बरं का. रूपल पटेल या शास्त्रज्ञ बाईंना एका परिषदेत एक छोटी मुलगी आणि एक विशी-पंचविशीचा माणूस यंत्रांवरून बोलताना दिसले, दोघांचाही आवाज एकच. त्यातून पुढे ज्याचा त्याला शोभेल असा आवाज घडवण्याचं त्यांचं काम उभं राहिलं, आणि 2014 मध्ये त्यांनी व्होकलआयडी ही कंपनी काढली. उलट स्टीफन हॉकिंग यांना चांगले आवाज मिळत असूनही त्यांनी तो जुनाच यंत्री आवाज ठेवला, कारण तो त्यांचा झाला होता. तुम्ही यावर एका दुपारी तोडगा काढलात: तिने वेग वाढवला, तू स्वर खाली आणलास. आता तू टॅबवर चिडलीस की एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारखी वाटतेस.

यंत्र सारखं म्हणून मैत्री झाली, असंही मी म्हणत नाही. मुंबईच्या मेळाव्यात तुझ्यासारखाच टॅब असलेला मुलगा भेटला होता. तो क्रिकेटचे आकडे सोडून काही बोलेना आणि तू आईला खुणेने ‘घरी चल’ केलंस. नाशिकची आवडली, कारण ती आगाऊ आहे. तुझ्यासारखीच. कॉलेजातल्या मुलींना सोड असंही माझं म्हणणं नाही. पण बोलणारी मैत्रीण खरी आणि ही तोवरची, असा हिशेब आत्याने मांडला तो तू उचलू नकोस.

जायचं ठरवलंस तर शनिवारी सकाळच्या गाडीने निघू. तिच्या आईशी बोलून ठेवलंय: तुम्ही दोघी खोलीत, आम्ही बाहेर, हाक आल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. टॅबची बॅटरी दगा देते, तेव्हा अक्षरांचा लॅमिनेट केलेला तक्ता बरोबर घे. आणि ‘पुरे, पोट भरलं’ हे बटण पहिल्या पानावर आणून ठेव. तिची आई वाढतच राहते, तू टाइप करेपर्यंत ताटात तिसरी पुरणपोळी पडलेली असेल.

तुझा,
बाबा